कवी मातीतून उगवतो काय?

एखाद्या कवीच्या किंवा कादंबरीकाराच्या लेखनाला मातीचा वास आहे, असे आपण सहज म्हणून जातो. ऐकणाराही मान डोलावतो. पण या वाक्याचा नेमका अर्थ काय, असे कोणी विचारले तर उत्तर देताना आपली धांदल उडते. माती तर सर्वांच्याच पायांखाली असते. मग एका गावात एखादाच कवी का निपजावा? आणि निपजला, तर त्याच्या काव्यातला किती भाग मातीचा, किती त्याच्या घराण्याचा, किती काळाचा आणि किती केवळ त्याचा स्वतःचा, हे कोणत्या तराजूने तोलावे?

असा तराजू बनविण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच टीकाकार आणि इतिहासकार इपोलित तेन याने केला. तेनचा जन्म 1828 साली फ्रान्सच्या ईशान्येकडील आर्देन प्रांतात वूझिए या लहानशा गावी झाला. विद्यार्थिदशेत त्याच्या बुद्धिमत्तेचा लौकिक मोठा होता. तरीही 1851 साली तत्त्वज्ञानाच्या अध्यापकपदाच्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. परीक्षकांना त्याची मते रुचली नव्हती. काही काळ त्याला दूरच्या गावांतून शिक्षकी करावी लागली. पुढे 1863-64 मध्ये त्याने इंग्रजी साहित्याचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेने युरोपातील वाङ्मयविचाराला एक नवेच वळण लागले. 1864 मध्ये तो पॅरिसच्या कलाविद्यालयात प्राध्यापक झाला. 1878 मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडला गेला. आणि 1893 मध्ये निवर्तला.

त्या प्रस्तावनेतला विचार थोडक्यात असा. समुद्रकाठी सापडलेला शिंपला आपण हाती घेतो, तेव्हा त्यात एके काळी राहणाऱ्या जिवाची कल्पना आपल्याला करायची असते. जुने काव्य किंवा जुनी पोथी हाही एक शिंपलाच. त्यामागचा माणूस शोधायचा, आणि तो माणूस असा का घडला याची कारणे शोधायची. तेनच्या मते ही कारणे तीन. पहिले वंश, म्हणजे लोकसमूहाचा जन्मजात, वारशाने आलेला स्वभाव. दुसऱ्या कारणाला तो 'मिल्यू' म्हणतो, आणि तिसऱ्याला 'मोमाँ'.

या दोन शब्दांपाशी थोडे थांबणे अवश्य आहे, कारण भाषांतरात त्यांचा अर्थ फार आकसतो. 'मिल्यू' म्हणजे पर्यावरण असे आज कोणीही म्हणेल. परंतु पर्यावरण हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे झाडे, नद्या आणि कारखान्यांचा धूर येतो. तेनच्या शब्दात हवामान आणि जमीन आहेतच. त्याबरोबर राज्यव्यवस्था, धर्म, चालीरीती, धंदे, शेजारी, आणि माणूस ज्या मंडळींत उठतो-बसतो ती मंडळीही आहे. मराठीत त्याला परिसर म्हणावे, हे बरे. 'मोमाँ' म्हणजे काळ किंवा क्षण खरा. पण तेनच्या मनात त्यात वेगाचीही कल्पना आहे. उतारावरून सुटलेल्या गाडीला मागून आलेली गती जशी पुढे रेटते, तशी आधीच्या पिढ्यांची निर्मिती नंतरच्या कवीला रेटते. कॉर्नेयची शोकांतिका आणि व्हॉल्तेअरची शोकांतिका एकाच देशातल्या. परंतु पहिल्यापुढे नमुना नव्हता आणि दुसऱ्यापुढे पहिला होता. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर नामदेवांचा अभंग आणि तुकारामांचा अभंग यांच्यात तीन शतकांचा साठलेला वेग आहे.

आता ही उपपत्ती प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. तेनचा डॉक्टरेटचा प्रबंध ला फाँतेन या सतराव्या शतकातील बोधकथाकारावर होता, आणि त्याचीच सुधारलेली आवृत्ती 1861 मध्ये पुस्तकरूपाने आली. प्रारंभीच तो वाचकाला ला फाँतेनच्या शाँपान्य प्रांतात घेऊन जातो. तेथे उत्तुंग पर्वत नाहीत, घनदाट अरण्ये नाहीत; बारीक नद्या, मवाळ प्रकाश, बेताच्या टेकड्या. अशा भूमीत वाढलेला माणूस भव्य स्वप्ने पाहत नाही. तो चलाख, मिस्किल आणि मोजके बोलणारा होतो, आणि ला फाँतेनच्या कथा तशाच आहेत, असे तेनचे म्हणणे. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे ला फाँतेन हा सरकारी नोकर होता. नद्या आणि वने यांच्या देखरेखीचा हुद्दा त्याला वडिलांकडून मिळाला होता, आणि त्या कामात त्याचे लक्ष बेताचेच असे. आमच्या पेशातील मंडळींना हे ऐकून समाधान वाटावे.

येथे एक मोठी गंमत आहे, आणि भारतीय वाचकाला ती तेनपेक्षाही चटकन जाणवते. ला फाँतेनने 1678 मध्ये आपल्या कथांचा दुसरा संग्रह काढला, तेव्हा त्यातील बऱ्याच कथांसाठी आपण पिल्पे नावाच्या हिंदी पंडिताचे ऋणी आहोत असे त्याने स्वतःच सांगितले. पिल्पेच्या नावावर मोडणाऱ्या या कथा म्हणजे आपल्या पंचतंत्राची पहलवी, अरबी, फारसी असा प्रवास करून फ्रान्सात पोचलेली संतती. मग ज्या कथांत शाँपान्यची माती दिसते, त्यांचे बी कोठले?

एकच कथा घेऊ. पंचतंत्रातल्या ब्राह्मणाजवळ भिक्षेत मिळालेल्या सातूच्या पिठाने भरलेले मडके आहे. दुष्काळ पडला की ते विकून शेळ्या घेऊ, शेळ्यांवरून गाई, गाईंवरून म्हशी, म्हशींवरून घोड्या, मग सोने, मग वाडा, मग रूपवती पत्नी, मग सोमशर्मा नावाचा मुलगा. आणि मुलगा घोड्यांजवळ गेला व बायकोने लक्ष दिले नाही म्हणून तिला लाथ मारू! लाथ मडक्याला बसते आणि तो पिठाने पांढरा होतो. ला फाँतेनच्या कथेत ब्राह्मण नाही. पेरेत नावाची गवळण आहे. ती डोक्यावर दुधाचे भांडे घेऊन, आखूड झगा आणि सपाट जोडे घालून शहराच्या वाटेने निघाली आहे. दुधाच्या पैशांतून अंडी, अंड्यांतून कोंबड्या, कोंबड्यांवरून डुक्कर, डुकरावरून गाय आणि वासरू. वासरू उड्या मारील या आनंदात तीही उडी मारते आणि दूध सांडते. आपल्याकडे याच मनोराज्याला 'शेखमहंमदी' असा शब्द रूढ झाला.

दोन्ही कथांचा सांगाडा एक, पण अंगावरचे मांस सर्वस्वी निराळे. आपल्या कथेत दुष्काळ ही धनाची संधी आहे, कारण पाऊस हुकणे हे आपल्या भूमीचे जुने दुखणे. फ्रेंच कथेत दुष्काळाचे नाव नाही. आपल्या ब्राह्मणाच्या स्वप्नाचे शिखर म्हणजे पुत्र. पेरेतच्या स्वप्नाचे शिखर म्हणजे गोठ्यातली गाय. ही रूपांतरे का झाली हे सांगायला तेनचा परिसर पुरेपूर उपयोगी पडतो. मात्र त्याच कथेने हेही दाखविले की, बी एका भूमीत रुजते आणि दुसरीत फळते, आणि त्या बियांच्या प्रवासाची जागा तेनच्या नकाशावर अंधुक आहे. माझ्या मते त्याच्या उपपत्तीतले सर्वांत मोठे भगदाड हे आहे. त्याच्या समकालीनांनी बोट ठेवले ते दुसऱ्याच ठिकाणी.

ते ठिकाण सँत-बव्ह या ज्येष्ठ टीकाकाराने 1864 मध्येच दाखवून दिले. तेनविषयी त्याला आदर होता, पण त्याची शंका सरळ होती. त्याच भूमीत, त्याच काळात, त्याच घरात दहाजण वाढतात. त्यांतला एकच प्रतिभावंत होतो. तेनचे जाळे कितीही बारीक विणीचे असले तरी नेमका तो एक त्यातून निसटतो. हा आक्षेप आपल्याला समजावून घ्यायचा तर फ्रान्सला जाण्याचे कारण नाही. 1630 च्या सुमारास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या एका वाण्याचे दुकान त्यात बुडाले, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. तुकारामांच्या वैराग्याचे कारण शोधताना हा दुष्काळ आपण विसरू शकत नाही. तुकाराम स्वतःही विसरले नाहीत. परंतु त्या वर्षी इंद्रायणीच्या आणि भीमेच्या काठचे किती वाणी बुडाले असतील! वंश तोच, परिसर तोच, काळही तोच. बाकीच्यांनी काय केले? कोणी देशोधडीला लागले, कोणी मेले, कोणी दोन सुगींनंतर पुन्हा तागडी हातात घेतली. दुष्काळाने तुकारामांना प्रसंग दिला, शब्द दिले नाहीत.

तथापि सँत-बव्हची बाजू घेऊन तेनला निकालात काढणेही न्यायाचे नाही. हॉलंडमधील चित्रकलेवर आणि ग्रीसमधील शिल्पावर 1868-69 च्या सुमारास त्याने जी व्याख्याने दिली ती आजही वाचनीय आहेत. हॉलंडची हवा दमट, क्षितिजावर सदा धुके, वस्तूंच्या कडा विरघळलेल्या. म्हणून तिथला चित्रकार रेषेपेक्षा रंगात रमतो. ग्रीसची हवा कोरडी, प्रकाश स्वच्छ, डोंगर बेताचे आणि रेखीव. म्हणून तिथली कला आकारात रमते. हे वाचून मराठी माणसाला सह्याद्री आठवल्यावाचून राहत नाही. आपला काळा पाषाण कठीण, म्हणून मराठी माणूस कणखर, अशी मांडणी शाळेच्या निबंधांतून आपण सर्वांनीच केलेली आहे. पण मग त्याच पाषाणात अजिंठ्याची लेणी खोदली गेली आणि त्यांच्या भिंतींवर पद्मपाणीची ती करुणेने झुकलेली दृष्टी उमटली, त्याची वाट काय? दगड एक, त्यातून राजगडही निघतो आणि अजिंठाही. नुसत्या भूमीने स्पष्टीकरण पुरे होत नाही. आणि तेनही ते पुरे होते असे कधी म्हणाला नव्हता. त्याच्या अनुयायांनी मात्र तसे म्हटले. एमिल झोलाने तर आनुवंशिकता आणि परिसर या दोन सूत्रांवर एकाच घराण्याच्या वीस कादंबऱ्या उभारल्या.

माझ्या नोकरीचे गाव दिल्लीच्या दक्षिणेस असलेले फरीदाबाद. कारखान्यांचे शहर म्हणून त्याची ख्याती आहे. परंतु तेनच्या सिद्धांताची कसोटी घ्यायची तर यासारखी दुसरी जागा शोधून मिळणार नाही. पुष्कळांची समजूत आहे की, सूफी संत बाबा फरीद यांच्यावरून या गावाला नाव पडले. वास्तविक ते जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याचे. त्याने 1607 च्या सुमारास दिल्ली-आग्रा हमरस्त्याच्या संरक्षणासाठी हे गाव वसविले, असे परंपरा सांगते.

याच शहराच्या पोटात आता सिही नावाचे जुने गाव सामावून गेले आहे. 2018 मध्ये मेट्रो बल्लभगढपर्यंत गेली, तेव्हा एका स्थानकाला संत सूरदासांचे आणि या गावाचे नाव देण्यात आले. सूरदासांचा जन्म सिहीचा, ही माहिती पुष्टिमार्गाचे आचार्य हरिराय यांनी सतराव्या शतकात नोंदवली. आग्र्याजवळच्या रुणकत्याचाही दावा आहे. सिहीचे मानले तरी सूरदास तेथे थोडेच राहिले. यमुनाकाठी गऊघाटावर त्यांची वल्लभाचार्यांशी भेट झाली. तोवर ते दैन्याची, आर्जवाची पदे गात असत. ते सोडून भगवंताची लीला गा, असे आचार्यांनी त्यांना सांगितले, अशी वार्ताग्रंथातील कथा आहे. पुढचे आयुष्य गोवर्धनावर श्रीनाथजींच्या सेवेत गेले.

आता या कवीला तेनचे माप लावून पाहा. हॉलंडच्या चित्रकाराला दमट प्रकाशाने घडविले, हे ठीक. पण परंपरा सूरदासांना जन्मांध मानते. ज्याने व्रजभूमी पाहिलीच नाही, त्याच्या पदांत मात्र लोण्याने माखलेले तोंड, धुळीने भरलेले अंग, अंगणात आपलेच प्रतिबिंब पकडू पाहणारे बाळ हे सारे डोळ्यांना दिसावे तसे दिसते. येथे परिसर डोळ्यांवाटे आलेला नाही, कानांवाटे आला आहे. व्रजभाषेतली अंगाईगीते, दळणकांडणाची गाणी, मंदिरातल्या आठ वेळच्या सेवा, भागवताची कथा, यांनी तो कवीच्या अंतरंगात भरला. भाषा हाच त्याचा परिसर. हवापाणी महत्त्वाचे असेल; पण माणसापर्यंत ते पोचते तेव्हा बहुधा शब्दांचा पोशाख करूनच पोचते.

या कथेला अलीकडच्या संशोधनाने आणखी एक पदर जोडला आहे. सूरदासांच्या पदांचे सर्वांत जुने कालोल्लेखित हस्तलिखित राजस्थानातील फतेहपूर येथले, 1582 सालचे. त्यात त्यांच्या नावाची दोन-अडीचशे पदे आहेत. पुढे सूरसागर वाढत वाढत सुमारे पाच हजार पदांचा झाला. अर्थात त्यातील बहुसंख्य पदे मागाहूनच्या गायकांनी 'सूर' या नाममुद्रेने रचलेली असली पाहिजेत. आपल्या नामदेवगाथेतही विष्णुदासनाम्याची रचना अशीच मिसळली आहे. याचा अर्थ असा की, एका प्रतिभावंताने परिसराला रूप दिले, आणि मग परिसरानेच त्याच्या नावाने शतकानुशतके लिहिले. सँत-बव्हला हवा असलेला एकटा प्रतिभावंत आणि तेनला हवा असलेला समूह, दोघेही एका ग्रंथात नांदताना दिसतात. पाश्चात्त्य टीकाकारांपुढे छापील पुस्तक आणि एकच नाव असलेला लेखक होता. आमची मौखिक परंपरा त्यांच्यापुढे असती तर त्यांचा वाद निराळ्या रीतीने चालला असता.

उरला वंश. तेनच्या तीन शब्दांपैकी हाच सर्वांत घातक ठरला. त्याच्या लेखणीत तो लोकस्वभाव या अर्थाने आला होता. पण विसाव्या शतकाने वंशाच्या नावावर जे केले त्यानंतर तो शब्द पूर्वीच्या निरागसपणे कोणालाच वापरता येत नाही. आपल्याकडे इंग्रजांनी काही जमातींना लढवय्ये आणि काहींना निव्वळ दुकानदार ठरवून टाकले होते, तीही याच वृक्षाची एक फांदी.

फरीदाबादच्या रेल्वेलाइनपलीकडे एन.आय.टी. नावाचा भाग आहे; नवे औद्योगिक नगर या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू आणि डेरा इस्माईलखान या बाजूंकडून आलेल्या हजारो हिंदू-शीख निर्वासितांसाठी 1949 पासून ते वसविण्यात आले. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमले गेले, सुधीर घोष प्रशासक झाले, कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या सहकारी संघाने कामगारांच्या सहकारी संस्था उभारल्या. घरे ठेकेदारांकडून न बांधता निर्वासितांनी स्वतः बांधावीत, हा आग्रह होता. या लोकांत दुकानदार, व्यापारी, कारकून पुष्कळ. डोक्यावर घमेले घेण्याची सवय फारच थोड्यांना. वंशाचा सिद्धांत खरा असता तर ते तंबूतच बसून राहते. पण त्यांनी विटा पाडल्या, भिंती उभारल्या, जर्मनीकडून युद्धभरपाईत आलेल्या यंत्रांवर वीजघर चालविले. परिसर बदलला आणि पाचसात वर्षांत धंदा बदलला.

मात्र सगळेच बदलले नाही. या लोकांत खान अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगार चळवळीत घडलेले कार्यकर्ते होते. शिस्त, संघटना आणि शांतपणे हट्ट धरण्याची रीत ते सरहद्दीवरून बरोबर घेऊन आले होते. नव्या गावात रुग्णालय झाले, त्याला बादशाहखानांचे नाव दिले गेले. 2020 मध्ये ते बदलण्याचा निर्णय झाला. पण चौकाला रिक्षावाले अजून बी.के. चौकच म्हणतात. अरवलीच्या या कोरड्या पायथ्याशी पेशावरकडच्या पठाणाचे नाव कशाने आले? मातीने नव्हे, रक्तानेही नव्हे. तेनचा तिसरा शब्द येथे सार्थ होतो: मागून आलेला वेग.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. संस्कृती ही जर परिसराचीच निर्मिती असेल, तर यमुनेकाठी वाढणाऱ्या मुलाच्या मराठीपणाची आशा सोडावी लागेल. तंजावरचा दाखला दोन्ही बाजूंनी बोलतो. 1675 च्या सुमारास व्यंकोजीराजे तेथे स्थिरावले; त्यांचा मुलगा शाहराजा याने मराठीत नाटके लिहिली आणि तेलुगूतही लिहिली; मराठी कीर्तनाने तमिळ हरिकथेला आकार दिला. मराठी तेथे टिकली, पण तमिळचा हेल घेऊन टिकली.

त्याहून जुना दाखला नामदेवांचा. परंपरेप्रमाणे ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमान येथे दीर्घकाळ राहिले. शिखांच्या आदिग्रंथात त्यांची 61 पदे आहेत. त्यांत अभंगाचा छंद नाही, भाषा उत्तरेकडची आहे, पदे रागांनुसार लावली आहेत. वंशाचा तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण ती पदे शतकानुशतके गात आले ते पंजाबी लोक. छंद, भाषा, श्रोते, सारे काही परिसराने बदलून टाकले. पण मधूनच त्या पंजाबी कीर्तनात 'बीठल' हे नाव येते, आणि जेथे चंद्रभागा नाही, विटेवरची मूर्ती नाही, आषाढी-कार्तिकीची वारी नाही, अशा त्या मुलखात गाणारा ते नाव वगळत नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या लोकांना तेथे मराठी बोलणारे कोणी भेटले नाहीत, ओळखीचे म्हणावे असे हे एवढेच नाव भेटले.